वेशीबाहेर ढकललेली गाडी

मामांना जाऊन महिना होत आला. त्यांची कुबडी अजून दाराआड उभी आहे. ती कोणी हलवत नाही. लिहून ठेवावं असं त्यांच्या आयुष्यात पुष्कळ होतं, पण मी डोळ्यांनी पाहिलेलं थोडंच. त्यातला एक प्रवास लिहितो.

मामा पलटणीत हवालदार होते. काबूलच्या लढाईहून एक पाय गमावून आले. त्यांच्याबरोबर परतलेले आणखी पाचजण, कोणाचा हात गेलेला, कोणाचे डोळे, कल्याणला एका धर्मशाळेत पडून होते, आणि मामाही त्यांच्यातच राहत. धर्मशाळेच्या पंचांनी सांगितलं होतं की छप्पर आम्ही देतो, पण पावसाळ्याचं धान्य तुमचं तुम्ही भरा. नाहीतर मृगाआधी जागा सोडा.

सरकारने मोडीत काढलेली, जखमींना नेण्याची एक बैलगाडी मामांना मिळाली. आपल्याला डोंगरांतून खाली आणलं ती हीच, असं ते म्हणत. मला त्याची खात्री नाही. सुताराकडून त्यांनी आस बदलून घेतला, नव्या फळ्या बसवल्या; माणसाला आवळून धरायचे चामडी पट्टे मात्र जुनेच ठेवले. वरून गेरूचा हात दिला. ही गाडी गावोगाव न्यायची, लोकांना दाखवायची आणि भात-नाचणी मागायची, असा बेत होता. मी तेव्हा ठाण्याला नुकताच शाळामास्तर झालो होतो. मी चार पानी निवेदन लिहिलं आणि ते वाचून दाखवायला सुटीत बरोबर निघालो.

निघताना शेजारच्या बायकांनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, दांडीला हिरवा खण बांधला. बाकीचे चौघे धर्मशाळेतच राहिले; डोळे गेलेला नाईक तेवढा गाडीत आडवा होता. त्याची जखम वरचेवर चिघळे. माश्या बसू नयेत म्हणून मामांनी गाडीला चहूकडून कडुलिंबाचे डहाळे खोवले, त्याच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं. पलटणीच्या इस्पितळातली ही सवय.

डोंबिवलीच्या अलीकडच्या एका गावी वेशीवरच माणसं उभी होती. मी कागद काढला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत एका बाईने सुपातले तांदूळ गाडीत ओतले आणि हात जोडून मागे सरली. मग नारळ आले, लिंबं आली, बांगड्या आल्या, एक कोंबडीही आली.

"थांबू नको रं बाबा," एक म्हातारा मामांना म्हणाला. "घेतलंस ना? आता पल्याड जा."

आठ-दहा गड्यांनी मागून खांदा लावला. बैल बिचकून धावू लागले. मामा कुबडीवर मागे पडले, मी त्यांना धरून कसाबसा पळालो. पुढच्या गावाची वेस येताच गडी गाडी सोडून मागे न पाहता परतले. तिथेही तेच झालं.

त्या वर्षी खाडीकाठी पटकीची साथ होती, हे मला तिसऱ्या गावी आठवलं. अशा वेळी मरीआईचा गाडा सजवतात. डहाळे, खण, बांगड्या, नारळ घालून तो शेजारच्या वेशीवर सोडून येतात; शेजाऱ्यांनी आपलं दान घालून तो पुढे ढकलायचा, म्हणजे रोग गावाबाहेर जातो. आमची गाडी हुबेहूब तशीच दिसत होती.

मी हे सांगितलं तेव्हा नाईक आतून म्हणाला, "हवालदार, मला देवी केलंय यांनी! मास्तर, दाढी तरी बघायची होती म्हणावं."

मी म्हणालो, "मामा, आपण काही बोलू नये. धान्य तर मिळतंय."

"हे आम्हाला दिलेलं नाही रे," मामा म्हणाले. "आम्हाला हाकलायला दिलंय."

चौथ्या गावच्या वेशीवर लोकांनी तांदूळ ओतले तसे मामा बैलांपुढे कुबडी आडवी धरून उभे राहिले. "हा मरीचा गाडा नाही. लढाईवरून मला यातून आणलं. हा पाय बघा. आत माणूस आहे." त्यांनी फडकं ओढलं. नाईक उठून बसला आणि भलत्याच दिशेला राम राम करून मोकळा झाला. कोणी हसलं नाही.

"तुमचे तांदूळ परत न्या," मामा म्हणाले, "नाहीतर आमचे म्हणून द्या."

यावर मात्र गलका झाला. "देवीला घातलेलं घरात परत न्यायचं? येडा झालास का हवालदारा? माणूस अस नाहीतर देवी अस, तू आधी पल्याड जा!" आणि त्यांनीही खांदा लावला.

वेस ओलांडल्यावर मागून एक माणूस धावत आला. मिठागरावरचा असावा, पोटऱ्यांपर्यंत मीठ वाळलेलं होतं. त्याने नाचणीचं गाठोडं मामांच्या हातात दिलं. "हे तुमचं. देवीचं नाय."

"तुझं कोणी पलटणीत आहे का?"

"नाय. तुम्हाला पाय नाय म्हनून."

एवढं बोलून तो गेला.

पावसाळाभर पाचजण धर्मशाळेत राहिले आणि मरीआईचे तांदूळ जेवले. नाईक तर चांगला सुटला. मामांनी त्या तांदळाला हात लावला नाही. ते रोज मूठभर नाचणी वेगळी शिजवून घेत. गाठोडं संपलं तेव्हा पाऊस अजून पुष्कळ बाकी होता. मी त्यांना ठाण्याला माझ्या घरी जेवायला घेऊन आलो, आणि ते शेवटपर्यंत इथेच राहिले.