भाग्यक्काचं औषध

बोम्मसंद्र्याच्या शर्टांच्या कारखान्यात भाग्यलक्ष्मीला सगळ्या बायका भाग्यक्का म्हणत, आणि त्या मनापासून म्हणतात असं तिला वाटे. कॉलर जोडणाऱ्या लाइनीची ती सुपरवायझर. घर बनशंकरीला, कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेलं. देवापुढे मराठी, दारावरच्या भाजीवालीशी कन्नड. स्वतः मशीनवर बसून वर आलेली, त्यामुळे बायकांची दुखणी तिला सांगावी लागत नसत. मशीनवरून उठताना कुणी ओठ दाबला की ती जवळ जाऊन हळूच विचारी, "जळजळतंय?" मान हलली की टेबलाच्या खणातून लघवीच्या जळजळीवरचं गुलाबी औषध निघे. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं. ती ते स्वतः पाण्यात घालून देई. बाईला उतार पडे, कॉलर पुढे सरकत.

बाथरूमला जायचा पासही त्याच टेबलावर. सबंध लाइनीला एकच. एक बाई परत आल्याशिवाय दुसरीनं उठायचं नाही. टार्गेट मागे पडलं की भाग्यक्का पासवर हात ठेवून म्हणे, "स्वल्प थांब गं, एवढा गठ्ठा होऊ दे." बायका मग पाणीच पीत नसत. एका हातानं अडवायचं नि दुसऱ्यानं औषध द्यायचं, यात काही विपरीत आहे असं तिला कधी वाटलं नाही.

पवित्रा निपाणीकडची, अंगानं बारीक, हाताला चलाख. तिनं औषध घेतलं, बरं वाटलं, पुन्हा जळजळ सुरू झाली. असं होत राहिल्यावर ती टेबलाशी आली.

"अक्का, अर्धा दिवस सोडता? डॉक्टरकडे जाऊन येते."

"शिपमेंट गेली की जा. तोवर हे घे. गुण येतोय ना?"

गुण येत होता, म्हणून ती परत जाऊन बसली. मग थंडी वाजून ताप आला, पाठीत कळा निघाल्या, आणि तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलींनी तिला दवाखान्यात नेलं.

भाग्यक्का भेटायला गेली तेव्हा पवित्राला सलाइन लावलेलं होतं. उशाशी तिची आई गोजराबाई, गावाहून आलेली. डॉक्टरीण सांगत होती, "इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. ही घेत होती त्या गुलाबी औषधानं आग कमी होते, जंतू मरत नाहीत. पुन्हा पुन्हा होत होतं तेव्हाच लघवी तपासायची. कुणी दिलं हिला हे?"

भाग्यक्कानं नजर सलाइनच्या बाटलीकडे वळवली.

"मीच घे म्हनलं व्हतं," गोजराबाई म्हणाली. डॉक्टरीण तिच्यावर चिडली. ती खाली मान घालून ऐकत राहिली. भाग्यक्का मोसंब्यांची पिशवी घट्ट धरून उभी होती.

व्हरांड्यात आल्यावर मात्र तिला राहवेना. "तुम्ही का अंगावर घेतलंत? औषध मी दिलं. सुट्टीही मीच नाकारली. बाथरूमलासुद्धा..."

"ठाव हाय की," गोजराबाई म्हणाली. "पोरीनं समदं सांगितलंय. म्हनली, अक्काला काय बोलू नगंस आई, काम जाईल."

शिव्या खायच्या तयारीनं बाहेर आलेल्या भाग्यक्काला आता कुठं बघावं कळेना. कारखान्यातलं ते अक्का, अक्का तिला नव्यानं ऐकू येऊ लागलं.

"बरी झाल्यावर घ्याल न्हवं तिला?"

पवित्राच्या मशीनवर भाग्यक्कानं सकाळीच दुसरी मुलगी बसवली होती. "घेईन," ती म्हणाली.

"मग फोन लावा की. आत्ताच. माझ्याम्होरं."

भाग्यक्कानं फ्लोअर इनचार्ज नागराजला फोन लावला. ती कन्नडमध्ये बोलत होती. सीमेवरच्या निपाणीच्या गोजराबाईला ते चांगलंच कळत होतं.

"त्या नव्या मुलीला बाह्यांच्या लाइनीला पाठवा. ती जागा पवित्राची आहे. आणि उद्यापासून ज्या बाईला बाथरूमला जायचं ती जाईल. मी अडवणार नाही."

"टार्गेट कोण भरणार, अक्का? वर काय सांगू?"

"चुकलं तर चुकेल. माझं नाव सांगा."

"सरी, ठीक आहे. तुमचं तुम्ही बघा," म्हणून नागराजनं फोन ठेवला.

गोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं. मोसंब्यांची पिशवी तिनं भाग्यक्काच्या हातून घेतली आणि ती आत लेकीकडे गेली. भाग्यक्काला आत ये म्हणाली नाही.