अण्णांचा प्रतिकूल शेरा

माझे सासरे, मुरलीधर अण्णा, यवतमाळकडे गटशिक्षणाधिकारी होते. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला राहायला आले. नोकरीत त्यांनी शेकडो शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले. सचोटी, हाताखालच्या लोकांशी वागणूक, दिलेला शब्द पाळणं, प्रत्येकाला वेगळा रकाना. ती सवय काही सुटली नाही. गेले सहा महिने त्यांच्या वहीत अमेरिकेच्या अध्यक्षांचा अहवाल चालू आहे.

शेजारची नोरा चहाला आली की हसते. "युअर मॅन इथे कुणालाच आवडत नाही. त्यात लिहायचं काय?" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'.

"आवडतो की नाही, असा रकानाच नसतो," अण्णा म्हणतात.

'नेतृत्व'पुढे त्यांनी चक्क चांगलं लिहिलं. निर्णय घ्यायला कचरत नाही, टीकेने डगमगत नाही. मी चिडले. माझी शर्वाणी बॉस्टनला पीएचडी करते. अडीच वर्षं झाली, घरी आलेली नाही. देशाबाहेर गेलो आणि अमेरिकेने परत घेतलंच नाही तर, या धास्तीने तिच्याबरोबरची मुलंही कुठे जात नाहीत.

"अण्णा, त्याच्यामुळे आपली पोर अडकलीय."

"म्हणून तर जपून लिहून राहिलो, उर्मिला. रागात लिहिलेला अहवाल वरचा साहेब बाजूला ठेवतो."

यंदा दिवाळीला तिने यायचं ठरवलं होतं. सध्याचा नियम तिला परत जाऊ देतो. मी तिच्या खोलीतला हीटर रोज संध्याकाळी तासभर लावू लागले, भिंतींची ओल जावी म्हणून. अण्णांचं जूनमध्ये हृदयाचं ऑपरेशन झालं. ते ब्याऐंशीचे आहेत. तिची पदवी अजून दोन वर्षांवर आहे.

रविवारी तिचा फोन आला. माझ्याशी ती इंग्रजीतच बोलते. तिचं मराठी आजोबांपुरतं.

"आजोबा, तुम्ही माणसं ओळखता. अध्यक्ष म्हणतात, जा, परत घेऊ. ट्रस्ट करू?"

मी अण्णांकडे बघत होते. ये म्हणा, एवढंच मनात होतं.

अण्णांनी वही उघडली नाही. "बेटा, त्याचं जे चांगलं आहे ते मी लिहिलंय. पण शब्द पाळण्याच्या रकान्यात मला तीनदा खोडावं लागलं. ज्याचा सकाळचा हुकूम संध्याकाळी टिकत नाही, त्याच्याकडे मी शाळेची किल्लीसुद्धा दिली नसती."

"म्हणजे येऊ नको?"

"पदवी घे. मग ये."

"आणि तोपर्यंत तुम्ही?"

"मी ग्रँड आहे," अण्णा म्हणाले. 'मजेत' या अर्थाचा हा इथला शब्द त्यांनी नोराकडून उचललाय. फोनवर शर्वाणी हसली. मग म्हणाली, "ओके, आजोबा."

फोन बंद झाल्यावर मला राहवलं नाही. "एकदा ये म्हणाला असतात तर काय झालं असतं?"

"मलाच तर म्हणायचं होतं," ते म्हणाले. "ज्याचा स्वतःचा जीव गुंतलाय त्याने दोनदा तपासून लिहायचं असतं. मी चारदा तपासलं."

मी चहाचे कप उचलून आत निघाले. मागून त्यांनी हळूच विचारलं, "माझा आवाज तिला बरा वाटला ना गं?"

"वाटला, अण्णा," मी म्हटलं.