श्यामकांतरावांच्या पपया

दिल्लीच्या द्वारकेत, आपल्या सोसायटीत श्यामकांत देवस्थळी 'मला बायपोलर आहे' हे इतक्या सहज सांगत, की लोक चष्म्याचा नंबरही तितक्या सहज सांगत नाहीत. त्यांच्या सरकारी कचेरीतही सगळ्यांना ठाऊक होतं. पण नव्या अँटीसायकोटिक गोळीने मन थाऱ्यावर आणलं आणि पोटाला कुलूप घातलं, हे काही तोंडून निघेना. डॉक्टर विचारत, "पेट साफ रहता है?" हे म्हणत, "बिल्कुल." शेजारी बायको बसलेली. आयुष्यभरात तिच्यापुढे हा विषय काढला नव्हता, आता काय काढणार!

मग त्यांनी घरचे उपाय आरंभले. पहाटे उठून पार्कात तरातरा फेऱ्या, तांब्याभर कोमट पाणी आणि गेटवरच्या ठेल्यावरून पपया. एक नाही, चार-चार.

बायकोने, हेमलताबाईंनी, त्या पपया मोजल्या. मागे आजार उसळला तेव्हाही सुरुवात अशीच होती: पहाटे उठणं, पायाला चाकं आणि खरेदी. तेव्हा सहा मिक्सर आले होते आणि नंतर इस्पितळ.

"अहो, इतक्या पपया कशाला?"

"स्वस्त होत्या."

"मिक्सरही स्वस्तच होते."

त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. पपयांपर्यंत सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "अच्छा, डोज बढ़ाना पड़ेगा शायद."

श्यामकांतांनी मनाशी हिशेब केला. आहे त्या डोसात ही गत, तर वाढवल्यावर काय?

"नहीं सर! नींद पूरी है. पपीता तो... पेट के लिए. हफ्ता होने को आया."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पोट तपासलं. आतडी या गोळीनेच मंदावतात, म्हणाले, नुसत्या पपईवर भागत नाही. पाण्यातून रोज घ्यायचं औषध दिलं. गोळी होती तितकीच ठेवली आणि ती मनाने बंद करायची नाही, असं बजावलं. पोट फुगलं, दुखलं, उलट्या झाल्या तर लाजत न बसता थेट इस्पितळ.

रिक्षात हेमलताबाई म्हणाल्या, "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला काय सांगायचं असलं!"

"सहा मिक्सर परत करत हिंडले मी. हे ऐकून मरणार होते?"

काही दिवसांनी सकाळी बाथरूममधून भसाडं गाणं ऐकू आलं. गाणं हेही जुनंच लक्षण. हेमलताबाईंचा हात सवयीने फोनकडे गेला. मग त्या दाराशीच गेल्या.

"झालं का?"

"बिल्कुल!"

"खरं बिल्कुल, की डॉक्टरांपुढचं?"

"खरं गं!"

त्यांनी चहा टाकला.