थांबलेली पेन्सिल

माझा भाऊ माझ्या डोक्यावर चालतो. कन्नड मुलखात, जे. पी. नगरातल्या आमच्या घरात तो वरच्या मजल्यावर राहतो आणि मी खालच्या. बिंदुमाधव त्याचं नाव. मी अण्णा म्हणते. गेल्या जानेवारीपर्यंत त्याच्या पावलांचा आवाज मला कधी आला नव्हता, कारण हा माणूस घरात चालायचाच नाही. कोर्टातून यायचा, खुर्चीत बसायचा, जेवायला हाक मारली की उठायचा. वहिनी गेल्यापासून त्याचं जेवण माझ्याकडेच. मी शाळेतून लवकर निवृत्त झालेली गणिताची बाई, लग्न केलं नाही, तेव्हा शिस्त लावायला मला हा एकच विद्यार्थी उरलाय.

अण्णा कोर्टात स्टेनो, गेली काही वर्षं कौटुंबिक खटल्यांच्या कोर्टात. न्यायाधीश आपल्या खोलीत बसून निकाल इंग्रजीत तोंडी सांगतात, हा तो लघुलिपीत उतरवतो आणि मग टाइप करतो. एकतीस वर्षं हेच. रोज सकाळी अंगणात बसून ब्लेडने पाच पेन्सिली तासायच्या, हा त्याचा नेम. सालपटं सगळी माझ्या तुळशीच्या कुंडीत. लोक देवाला नमस्कार करून घराबाहेर पडतात, आमचे चिरंजीव पेन्सिलींना टोक काढून! "स्टेनोला कान असतात, तोंड नसतं," असं तो फार अभिमानाने सांगायचा. घरातही तोंड नसल्यासारखाच वागायचा, म्हणून मी चिडायचे.

वादिराज नावाच्या साहेबांकडे तो तीन वर्षं होता. निकाल सांगताना कुणी मध्येच टोकलेलं साहेबांना खपत नसे. विचारांचा धागा तुटतो म्हणे. त्यामुळे दोघांत न बोलताच एक रीत पडली होती. साहेबांनी तारीख चुकीची सांगितली किंवा नवऱ्याच्या जागी मेहुण्याचं नाव घेतलं, की अण्णाची पेन्सिल थांबायची. ती थांबली की साहेब थांबायचे, फाइल उलटायचे आणि चूक सापडायची. तीन वर्षांत पेन्सिल एकदाही उगाच थांबली नव्हती. घोडं इथंच पेंड खातं.

जानेवारीत सहा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण निकालाला आलं. बाप मल्लाप्पा, बसचा ड्रायव्हर. आई प्रणिता, निपाणीकडची, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात कामाला. दोघं वेगळी झाली होती आणि मुलगी कुणाकडे राहायची एवढंच ठरायचं होतं. मल्लाप्पा प्रत्येक तारखेला खाकी कपड्यातच यायचा आणि मुलीला भाजलेल्या शेंगांची पुडी द्यायचा. आईची शिफ्ट फिरती, मुलगी घरी एकटी राहते, बापाच्या घरी मात्र आजी आहे, आत्या आहे. साहेबांचा कल बापाकडे होता.

त्या शुक्रवारी दुपारी अण्णा वह्या घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाला होता. व्हरांड्यात प्रणिता मुलीचं नाक पुसत होती. "घाबरू नको गं गौरी, मी हाय की," असं ती म्हणाली. बस्स, एवढंच. दिवसभर कोर्टात कन्नड आणि इंग्रजी ऐकणारा माणूस. मराठी त्याच्या कानावर पडते ती माझी, आणि माझ्या मराठीत निम्मी बोलणीच असतात. ते वाक्य डोक्यात घेऊन तो आत गेला. साहेब सांगत गेले, हा लिहीत गेला. चौदाव्या पानावर साहेब म्हणाले, "सबब मुलीचा ताबा वडिलांकडे..." आणि पेन्सिल थांबली.

"काय चुकलं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर."

साहेबांचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? त्यांनी फाइल चाळली, चूक दिसेना, तेव्हा फाइल घेऊन ते घरी गेले. सोमवारी आल्या आल्या म्हणाले, "शेवटची चार पानं रद्द करा." आणि नवी पानं सांगितली. मुलगी आईकडे राहील. निकाल येत्या शुक्रवारी जाहीर व्हायचा होता.

त्या सोमवारी संध्याकाळपासून माझ्या डोक्यावर चालणं सुरू झालं. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मंगळवारी पहाटे पुन्हा तेच. भात गार होऊ लागला. बुधवारी माझा पारा चढला आणि मी वर गेले. तेव्हा त्याने मला हे सगळं सांगितलं.

"मग बिघडलं काय?" मी म्हटलं. "तू ध चा मा केलास का? साहेबांनी सांगितलं तेच लिहिलंस. मुलगी आईकडे गेली, चांगलंच झालं की!"

"अनु, स्वल्प गप बस जरा. ती बाई कन्नडमध्ये बोलली असती तर माझा हात थांबला असता का?"

मुलांनी फळ्यावर उत्तर बरोबर आणि पायऱ्या चुकीच्या लिहिल्या की मी मार्क कापायचे. आता तोच हिशोब भाऊ माझ्यासमोर मांडत होता आणि मला तो नको होता. मला राग आला, त्याचा आणि माझाही. चार महिन्यांवर निवृत्ती. साहेबांना जाऊन सांगितलं तर ते काय करतील कुणास ठाऊक. आणि निकाल फिरला तर त्या पोरीचं काय? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, असं मी त्याला बजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा खिडकीकडे चालायला लागला.

शुक्रवारी सकाळी त्याने एकही पेन्सिल तासली नाही. कुंडीत सालपटं नव्हती, तेव्हाच मला कळलं की हा बोलणार.

कोर्ट सुरू व्हायच्या आधी तो साहेबांसमोर उभा राहिला. "सर, त्या दिवशी चूक नव्हती. ती बाई माझ्या भाषेत बोलली आणि माझा हात थांबला." साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "तुमची पेन्सिल ज्या चुकीवर थांबली, ती मी दोन दिवस शोधत होतो. ती नव्हतीच. पण शोधता शोधता समुपदेशक बाईंचा अहवाल नीट वाचला. आईने नोव्हेंबरपासून दिवसाची शिफ्ट घेतली आहे, मुलगी एकटी नसते. पहिल्या खेपेला मी तो नुसता चाळला होता. आईच्या वकिलाने त्या आठवड्यात माझं डोकं खाल्लं होतं, म्हणून असेल."

एवढं बोलून ते स्वतःच दचकले, असं अण्णा सांगतो. त्यांनी निकाल आठवडाभर पुढे ढकलला आणि सगळी फाइल पहिल्यापासून पुन्हा वाचली. निकाल तोच राहिला. फक्त दर शनिवारी मुलगी बापाकडे, एवढी भर पडली. त्यांनी स्टेनो मात्र दुसरा मागून घेतला. "तुमच्यावर राग नाही," ते अण्णाला म्हणाले. "पण यापुढे पेन्सिल थांबली, तर मी फाइल बघू की तुमचं तोंड?" अण्णाची बदली निकालांच्या नकला देणाऱ्या विभागात झाली.

निकालाच्या दिवशी मल्लाप्पा व्हरांड्यात उभा होता. शेंगांची पुडी हातातच राहिली होती. अण्णाला बघून तो पुढे आला. भांडेल असं अण्णाला वाटलं. त्याने कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "सर, साहेबांनी सगळं वाचलं का?"

"वाचलं," अण्णा म्हणाला. "तीनदा वाचलं."

मल्लाप्पाने मान हलवली. "सरी," ठीक आहे, म्हणाला, हात जोडले आणि ड्यूटीवर गेला.

जेवताना हे मला सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा घुम्या भाऊ एकतीस वर्षांनी तोंड उघडून आला होता आणि कुणाचं वाईट झालं नव्हतं. मी त्याला जास्तीचं तूप वाढलं. "झालं ना मनासारखं? आता तरी एका जागी बस," म्हटलं.

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "अनु, बाकीच्या आईबापांच्या वेळी पेन्सिल अशी थांबलीच नाही गं."

"म्हणजे?"

"त्यांचं एकदाच वाचलं असेल."

ताटात भात तसाच ठेवून तो उठला, हात धुतला आणि जिना चढून वर गेला. मी खाली बसून ऐकत होते. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. या वेळी त्याला थांबवायला मी वर गेले नाही.