नवरीची नाव आणि गॅसच्या टाक्या

माझ्या नाकावर राग असतो हे खरं, पण त्या दिवशी तो रास्तच होता. आमचं गाव नांदेडच्या समोर, गोदावरीच्या पल्याड. धरणाच्या फुगवट्यानं नदी ऐसपैस झालेली. पुलावरून जायचं तर मोठा वळसा, म्हणून शहर गाठायचं ते माझ्या मामाच्या नावेनं. सकाळच्या पहिल्या खेपेला भाजीवाल्या, दूधवाले आणि आम्ही बारावीच्या पोरी दाटीवाटीनं बसायचो. भूकंपानंतरची ती वर्षं. लातूरची पोरं मेरिटात झळकली की नांदेडात क्लासची आणखी एक पाटी लागायची. आमच्या फिजिक्सच्या सरांचा दरवाजा सातला म्हणजे सातला बंद व्हायचा.

तशात गॅसवाल्या चाचांनी आमच्या गावात गॅस आणायचं मनावर घेतलं. चाचा नांदेडचे पिढीजात व्यापारी, दाढी मेंदीनं लाल. भरलेल्या टाक्या नावेनं आणायच्या आणि त्या उतरवायला आमच्या घाटावर धक्का बांधायचा, असा त्यांचा बेत. आईला धसकाच बसला. भूकंपापासून ती भांड्यावर भांडं रचत नव्हती, आणि आता हा माणूस चुलीशेजारी बॉम्ब आणून ठेवणार, असं ती गावभर सांगत सुटली. चाचांनी वहिनी-वहिनी करत, धूर नाही, फुंकणी नाही, असं गोडीगोडीनं तिला पटवलं.

परवानगी द्यायची का ते बघायला सरकारी साहेब आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गॅसची नाव पाण्यात असताना जवळ दुसरी नाव नको आणि विस्तव तर नकोच. रिकाम्या टाक्या घालून एक खेप करून दाखवा, म्हणाले. मामानं काठीला लाल झेंडा बांधला, चाचा टाक्यांच्या मधे बसले आणि नाव निघाली. पाण्यात आमचे भोई जाळी टाकत होते. झेंडा बघून त्यांना वाटलं, कुठल्यातरी पक्षाचा प्रचार आला. एकानं तर पेटती बिडी तोंडात ठेवूनच तराफा नावेला भिडवला आणि विचारलं, सभा कुठं होऊन राहिली म्हणून. साहेबांनी कपाळावर हात मारला. या लोकांच्या भरवशावर राहता येणार नाही, त्यांनी तिथंच सांगून टाकलं. गॅस येईल त्या दिवशी दुपारपर्यंत माणसांची नाव बंद. आणि गॅस तर रोज येणार होता!

गॅस सगळ्यांनाच हवा होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बाजूला घेतलं. "क्लासचं ऱ्हाऊ दे आता. गावाच्या कामाला आडवं येऊ न्हाई."

घाटाच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले, लाजबिज काही बाळगली नाही. रडता रडता मग संताप आला. अरे, हेच भोई नवरीच्या नावेला कसे मुकाट थांबतात!

आमच्याकडं तशी रीतच आहे. नवरी सासरी निघाली की नावेच्या काठीला तिच्या आईचं पिवळं लुगडं बांधतात. ते दिसलं की ज्याची नाव जिथं असेल तिथं थांबते. नवरीला धूर लागू नये म्हणून काठावरचा विस्तव विझवतात, बिड्या पाण्यात टाकतात. ती पलीकडं उतरेपर्यंत नदी तिची एकटीची.

मी डोळे पुसले आणि साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. "साहेब, तो लाल झेंडा काढा. माझ्या आईचं पिवळं लुगडं बांधा, आन मग बघा."

साहेब हसले. चहा अजून व्हायचा होता, म्हणूनच बहुधा तयार झाले. आईनं पेटीतून लुगडं काढून दिलं. नाव परत निघाली आणि नदी खरोखर थांबली. तराफे बाजूला झाले, बिड्या पाण्यात पडल्या, धुणं टाकून बायका नवरी बघायला उभ्या राहिल्या. नावेत बघतात तर टाक्या आणि चाचा! बायका हसून हसून बेजार झाल्या. चाचांनी पण लाजून रुमाल तोंडावर ओढून घेतला. गॅसची नाव पार होईपर्यंतच बाकीच्यांनी थांबायचं, एवढ्यावर साहेबांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मी क्लासात पहिल्या बाकावर होते.

पुढं मी शिकले, नांदेडलाच शाळेत लागले, सासरही तिथलंच मिळालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नाव निघायला सजली. काठीला तेच लुगडं, गॅसच्या नावेवर रोज फडकून उन्हापाण्यात विटलेलं. आईला मी दुसरं बांधूच दिलं नाही. मामा नाव सोडणार, एवढ्यात दोन-चार बायका रिकाम्या टाक्या घेऊन घाटावर पळत आल्या. मी शालू सावरत ओरडले, की गॅस न्हाई, मी हाय. नवरा मान खाली घालून हसत होता.

तेवढ्यात शेजारी थांबलेली माणसांची नाव मला दिसली. मांडीवर दप्तरं घेऊन पोरी बसल्या होत्या, माझ्यासाठी खोळंबून. एक जण सारखी मनगटावरचं घड्याळ बघत होती. सरांचा तो दरवाजा माझ्या डोळ्यांपुढं आला.

"मामा, थांब," मी म्हणाले. "आधी त्यांना जाऊ दे."

मामा बघतच राहिला. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली, कारण नवरीच्या पुढं कुणी जात नसतं. दादा मला निरोप द्यायला घोटाभर पाण्यात उभे होते. त्यांनी डोळे पुसले, ते पोरींच्या नावेपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती नाव पाण्यात रेटली.