दुपट्ट्याखालची मुदत

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. घरात कुणी अंगारे-धुपारे आणले की मी सरळ उठून बाहेर जायचो. तरी धाड गावच्या गोदामात जे झालं ते सांगतो... हसायचं तर हसा.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. मी चिखलीला एका जिनिंग कंपनीत अकाउंट्सला. मुंबईच्या ऑफिसचा हुकूम आला – हिशेबाची रीत बदलणार, यापुढे भाड्यानं घेतलेली प्रत्येक जागा मुदतीसकट ताळेबंदात दाखवायची. मुदत सांगता येत नसेल तर जागा सोडून द्या. साहेबांनी सगळे भाडेपट्टे शोधून काढले. धाडच्या गोदामाचा तेवढा मिळेना, कारण तो कुणी लिहिलाच नव्हता.

आमच्याकडे बैलांचा, कापसाचा सौदा दुपट्ट्याखाली हात धरून व्हायचा. जितकी बोटं दाबली तितका आकडा. जागेचे मालक महादुकाका आणि आमचे जुने मॅनेजर यांनी आदल्या दिवाळीत गोदामाची मुदतही तशीच ठरवली, आणि वर्षाच्या आत दोघंही गेले. काकांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

गोदामाला लागून दोन खोल्यांत त्यांच्या पत्नी, गोदाकाकू, एकट्या राहायच्या. कंपनीनं जागा सोडली तर त्यांना घर बंद करून डोणगावला भावाकडे जावं लागणार होतं. ते काही त्यांच्या मनात नव्हतं. मुदत विचारायला साहेबांनी मलाच धाडला पाठवलं.

"काकू, किती वर्षं ठरली होती?"

"मले काय मालूम बाप्पा? हातानं ठरोलं दोघायनं. म्या इचारलं त नुसते हासले." त्यांनी खुंटीवरचा काकांचा दुपट्टा काढून माझ्या उजव्या हातावर टाकला. "आता माह्यासंग सौदा कर. सायबाले सांग, काकूनं पाच दाबले."

मला हसू आलं. बाई पक्की होती. तेवढ्यात बकरी सुटून घरात घुसली. काकू दोन्ही हातांनी तिचं दावं ओढायला लागल्या... आणि दुपट्ट्याखाली कुणीतरी माझा हात धरला.

रुंद, खरखरीत हात. अंगठा सोडून माझी चारही बोटं त्यानं घट्ट दाबली. त्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. मी दुपट्टा झटकला. खाली फक्त माझा हात. भर दुपार, बाहेर बाजाराचा गलका.

कसंबसं काकूंना सांगितलं. त्यांनी दुपट्टा उचलून छातीशी धरला.

"मशीनमंधी गेलं होतं त्याईचं ते बोट," म्हणाल्या. मग डोळे पुसत चिडल्याच, "चारच काऊन? पाच म्हनले असते त काय बिघडत होतं? जलमभर असेच."

मी चार वर्षं लिहिली. साहेबांनी विचारलं, कशावरून? म्हटलं, मालकानं स्वतः सांगितलं. जागा राहिली, काकूही राहिल्या.

माझा डॉक्टर मित्र म्हणतो, नस दबली असेल. असेलही. पण नसेला अर्धं बोट कुठून आलं, ते त्याला सांगता येत नाही, आणि मलाही.

त्या दिवशी निघताना काकू दारापर्यंत आल्या होत्या. जरा घुटमळल्या.

"हात गरम होता का रे त्याईचा?"

"हो काकू."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "म्या धरला तवा लय थंडा पडला होता."