एकच हाक भरलेली फाईल

भुताखेताच्या गोष्टी मी कधी मानल्या नाई. पोंभुर्ण्याच्या जंगलात मजुरी करण्यात उमर गेली. डुकरं भेटली, एकदा वाघ भेटला... भूत एकही भेटलं नाई. तरी हे लिहून राह्यलो. हसाचं असन त हसा.

माझी बायको कौसल्या मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. पोरगी वैशू भद्रावतीले राहते. तिनं आईची एक हाक मोबाईलात भरून ठेवली होती. मोहफुलं वेचताना माणसं पांगतात, वाघाचं भेव असते. म्हणून एकानं "हो—" करायचं, दुसऱ्यानं "हो—" म्हणायचं. उत्तर नाई आलं त वेचणं सोडून त्याले पाहाले निघायचं.

ती हाक वैशूनं जुन्या लॅपटॉपात टाकून देली. पण मले फोल्डर-बिल्डर समजत नाई, भलतंच उघडे. मंग तिनं एक बॅच फाईल बनवली, एकाखाली एक हुकमाच्या ओळी लिहिलेली.

"बाबा, इथी दोनदा दाबा. काळी खिडकी उघडन. ते आपोआप आईच्या फोल्डरात जाते, वाजवाचा प्रोग्राम चालवते, वापस येते अन् बंद होते. तुमी मधात हात नोका लावू."

"चला, सांगितलेलं ऐकणारं घरात कोणी त आलं," मी म्हणलो.

रोज ऐको. एक हाक, खिडकी बंद.

मंग वैशू मले कायमचं भद्रावतीले न्याले आली. माझं मन नव्हतं. पण एकटा बुढा... घराले कुलूप लावाचं ठरलं. भर दुपार होती. ती आत माझे कपडे भरत होती. निघण्याआधी ऐकून घ्यावं म्हणून मी फाईल दाबली. हाक आली. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं — "हो—".

खिडकी बंद झाली नाई.

थोड्या वेळानं पुन्हा हाक. जवळून. मी पुन्हा "हो" म्हणलो. मंग आणखी जवळून, दबलेली... डोक्यावर भरलं टोपलं असलं की तिचा आवाज तसाच निघे. त्याच्यानंतर काहीच नाई.

वैशू बाहेर आली. "कोणाले हो म्हणून राह्यले, बाबा?"

मी स्क्रीन दाखवली. तिनं वाकून पाह्यलं. "हे अजून फोल्डरातच हाय. वापस येण्याची ओळ चाललीच नाई."

"अन् बाकीच्या हाका?"

"बाबा, फाईलीत हाक एकच हाय."

तिनं खिडकी बंद करून पुन्हा चालवली. एक हाक, वापस, बंद. कितीक खेपा चालवली, तसंच.

"मी नाई येत," म्हणलो. "तुही आई इकडं येऊन राह्यली, अन् घराले कुलूप?"

वाटलं, आता भांडन. पण वैशू आत गेली. तिनं पिशवीतली माझी धोतरं काढून दोरीवर टाकली.

जावई फोनवर म्हणे, "मामाजी, लॅपटॉप जुना हाय, अटकला असन." असन अटकला. पण अटकलेला आवाज जवळ कसा येते?

संध्याकाळच्या बसले वैशू एकटीच निघाली. तिच्यामागं मी दार लोटाले उठलो त वळून म्हणे, "राहू द्या बाबा, उघडंच राहू द्या."